आडनाव: पाचशे

डेट्रॉईटच्या विमानतळावरून आय-९४ ने पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात १९० नंबरचा एक्झिट लागतो. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘बेलव्हिल रोड’. मी इप्सिलँटीला राहायचो आणि कंपनी होती डिअरबॉर्नच्या बाजूला. म्हणजे तीन वर्षं रोज जाताना एकदा नि येताना एकदा मी या गावाशेजारून गेलो आहे. पेट्रोल भरायला एकदोनदा उतरलोही असेन. तळ्याकाठचं लहानसं गाव, बघण्यासारखं काही नाही, असं ठरवून मोकळा झालो होतो. त्याच रस्त्यावर डेट्रॉईटकडे जाताना ॲलन पार्कला एक ऐंशी फुटी टायर उभा आहे. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात तो आकाशपाळणा होता. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तो टायर दाखवला. बेलव्हिल कुणालाच नाही.

माझं काम वेल्डिंगच्या रोबोटना शिकवण्याचं. टीच पेंडंट म्हणजे रोबोट चालवायचा रिमोट हातात घ्यायचा, रोबोटचा हात इंच-इंच पुढे न्यायचा, बिंदू साठवायचा, मग पुढचा. एकदा शिकवलं की तो तेच बिंदू जन्मभर गिरवतो. आमच्या एका सेलचा, म्हणजे रोबोटच्या एका कप्प्याचा, सायकल टाइम बावन्न सेकंद होता, म्हणजे एवढ्यात एक फेरी पूर्ण. क्लॅम्प मिटल्याचं ‘ठक’, हवा सुटल्याचं ‘फुस्स’, मग वेल्डची तडतड, मग टेबल फिरल्याचा घुमारा, की परत ‘ठक’. रात्री ट्रायल असली की तिसऱ्या-चौथ्या तासाला ते सगळं ठेक्यात बसल्यासारखं वाटायला लागायचं. एकदा मी नकळत पेंडंटवर बोटं वाजवत होतो. शेजारी मेंटेनन्सचा एक इलेक्ट्रिशियन उभा होता, डेट्रॉईट शहरातच वाढलेला, रिटायरमेंटला आलेला कृष्णवर्णीय माणूस. म्हणाला, “हे आमच्याकडे एकाने तू जन्मायच्या आधीच करून ठेवलंय. आणि तू रोज त्याच्या शाळेच्या बाजूने जातोस.”

तो हुआन ॲटकिन्सबद्दल बोलत होता, टेक्नो हे यंत्रांवर वाजणारं नाचाचं संगीत ज्याने सुरू केलं त्याच्याबद्दल. त्या रात्री घरी येऊन मी शोधाशोध सुरू केली, ती अजून थांबलेली नाही.

ॲटकिन्स १९६२ साली डेट्रॉईटमध्ये जन्मला. वडील कॉन्सर्ट प्रमोटर. बास, ड्रम्स, थोडी लीड गिटार लहानपणीच शिकून झाली. तो पाच वर्षांचा होईपर्यंत शहर पेटलं होतं. १९६७ च्या जुलैतल्या त्या दंगलीत ४३ माणसं गेली. त्यानंतर ज्यांना शहर सोडणं परवडत होतं त्यांनी ते सोडलं. १९७२ मध्ये मोटाउन ही गाण्यांची कंपनीसुद्धा बाडबिस्तरा आवरून लॉस एंजेलिसला निघून गेली. (शहर सोडून गेलेल्या गिरण्यांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. शहर सोडून गेलेल्या गाण्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.) पुढे आईवडील वेगळे झाले आणि हा पोरगा आजीच्या घरी बेलव्हिलला आला. बहुतेक वस्ती गोऱ्यांची, आजूबाजूला शेतं.

आजी हॅमंड ऑर्गन वाजवायची. डेट्रॉईटमधल्या ग्रिनेल्स या वाद्यांच्या जुन्या दुकानात ती जायची तेव्हा नातू बरोबर असायचा. मागच्या खोलीत नव्याने आलेले सिंथेसायझर मांडलेले असत. आजी पुढे ऑर्गन बघतेय आणि पोरगा मागे खुंट्या पिळतोय. शेवटी आजीने त्याला कॉर्ग एमएस-१० घेऊन दिला. टेक्नोच्या इतिहासात या बाईंचा फोटो लावलेला मला कुठे दिसला नाही. लावायला हवा.

एमएस-१० म्हणजे बत्तीस पट्ट्यांचं, उभ्या पॅनेलचं यंत्र. एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबल्या तरी वाजणार एकच. पॅनेलवर खुंट्या आणि बाजूला छिद्रं. त्या छिद्रांत वायरी खुपसून आतला प्रवाह हवा तसा वळवायचा, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखा. एका छिद्रातून नुसती खरखर निघते, रेडिओच्या दोन स्टेशनांमधली असते तशी. ती खरखर क्षणभर उघडून लगेच मिटली की झाला स्नेअर, म्हणजे ड्रमचा ‘चट्’ असा ठोका. खर्जातला सूर झपकन खाली घसरवला की ‘धप्प’, म्हणजे किक, मोठ्या ड्रमचा ठोका. हे ड्रम एका कॅसेट डेकवर घ्यायचे, ती कॅसेट चालू ठेवून त्यावर बास वाजवायचा, दोन्ही मिळून दुसऱ्या डेकवर घ्यायचं, मग परत पहिल्यावर. दर फेरीला टेपची सुरसुर वाढत जाते आणि आधी घेतलेलं वाद्य धुक्यात मागे सरकतं. म्हणून जे धुक्यातही दिसेल ते आधी घ्यावं लागतं. शाळकरी पोराने हा हिशोब एकट्याने बसवला. शहरात गॅरेजमध्ये पोरं जमवून बँड करता यायचा. बेलव्हिलमध्ये बरोबर वाजवायला कुणी नव्हतं. लोक या संगीताला थंड, निर्जीव, यंत्राचं म्हणतात. मला त्यात बँड नसलेला मुलगा ऐकू येतो.

त्याला सोबत होती ती रेडिओची. डब्ल्यूजीपीआर स्टेशनवर रात्री ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ नावाचा निवेदक यायचा. अमेरिकेत तेव्हा काळ्यांची स्टेशनं वेगळी, गोऱ्यांची वेगळी आणि गाणीही तशीच वाटून घेतलेली. मोजो ही वाटणी मानत नसे. जर्मनीच्या क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक बँडची अख्खी तबकडी लावायचा, मग काळ्यांचा फंक बँड पार्लमेंट, मग प्रिन्स, मग गोऱ्यांचा बँड बी-५२ज. श्रोत्यांना सांगायचा, घराबाहेरचे दिवे लावा, गाडीत असाल तर हॉर्न वाजवा, आपलं यान उतरतंय. आणि लोक खरंच दिवे लावायचे. हा माणूस आपला चेहरा मात्र लोकांसमोर येऊ देत नसे. बेलव्हिलमधली तीन पोरं, ॲटकिन्स, त्याच्या धाकट्या भावाच्या वर्गातला डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, हा कार्यक्रम कानात प्राण आणून ऐकायची. जग त्यांना पुढे ‘बेलव्हिल थ्री’ म्हणू लागलं.

शाळा संपल्यावर ॲटकिन्स वॉशटेनॉ कम्युनिटी कॉलेजात गेला. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तिथल्या पार्किंगमध्ये मी रविवारी गाडी शिकलो. तिथे त्याला रिक डेव्हिस भेटला. वयाने मोठा, व्हिएतनामच्या युद्धातून आलेला. हा डेव्हिस स्वतःला ३०७० म्हणवायचा. टोपणनाव म्हणून नाही, नाव म्हणूनच. तीन हजार सत्तर.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो. त्याचं कारण घरगुती आहे.

माझ्या वडिलांनी १९७७ साली, नोकरी लागायच्या आधी, गॅझेटमध्ये नाव बदलून घेतलं. बदललं म्हणजे आडनाव काढून टाकलं आणि त्या जागी आजोबांचं नाव लावलं. त्यामुळे माझ्या पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात एका शेतमजुराचं पाळण्यातलं नाव आहे. अमेरिकन माणसाला त्यात काही वावगं दिसत नाही. पण आपला माणूस भेटला, की प्रसादाचं ताट हातात असतानाच सुरू होतं. “हे नाव झालं. आडनाव?” हेच. “नाही हो, मूळ?” हेच. “बरं, गाव कुठलं?” गाव सांगितलं. “अरे वा, आमची आत्या तिथे दिलेली! गावात घर कुठल्या बाजूला?” सातासमुद्रापलीकडे, मिशिगनमधल्या एका बेसमेंटमधल्या गणपतीसमोर, गोड बोलत बोलत माणूस आपल्याला गावाच्या नकाशावर नेमका नेऊन ठेवतो. मग त्याच्या चेहऱ्यावर समाधान येतं. आता बोलता येईल.

म्हणून मला ३०७० लगेच कळला. आणि त्यानंतर पाचशे.

ॲटकिन्स आणि ३०७० यांनी मिळून सायबोट्रॉन हा बँड काढला. १९८१ मध्ये ‘अ‍ॅलीज ऑफ युवर माइंड’ ही त्यांची पहिली तबकडी आली, स्वतःच्याच डीप स्पेस या लेबलवर, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीकडून. मोजोने ती रेडिओवर लावली आणि डेट्रॉईटच्या आसपासच सुमारे १५,००० प्रती खपल्या. गंमत म्हणजे ऐकणाऱ्यांतल्या पुष्कळांची समजूत होती की हा युरोपातल्या गोऱ्या पोरांचा बँड असणार. १९८३ मध्ये ‘क्लिअर’ आलं. ते अजूनही माझ्या गाडीत आठवड्यातून एकदा तरी वाजतं. सुरुवातीला काचेवर पाऊस पडल्यासारखे सूर, खाली ड्रम मशीनची तुटक चाल आणि कसलीही घाई नाही. २००५ मध्ये मिसी एलियटने आपल्या ‘लूज कंट्रोल’ या गाण्यात त्याचाच तुकडा घेतला आणि ते गाणं जगभर वाजलं. पण तोवर बावीस वर्षं लोटली होती आणि सायबोट्रॉनमधून ॲटकिन्स कधीच बाहेर पडला होता. ३०७० ला गिटारवाल्या रॉककडे जायचं होतं, याला नव्हतं. नाव ३०७० कडे राहिलं.

१९८५ मध्ये ॲटकिन्सने मेट्रोप्लेक्स हे स्वतःचं लेबल काढलं. पहिली तबकडी, क्रमांक एम-००१, ‘नो यूएफओज’. कलाकाराच्या जागी छापलं होतं: मॉडेल ५००. हे नाव का, तर ज्यावरून माणूस कोणत्या वंशाचा आहे हे कळणार नाही असं काहीतरी त्याला हवं होतं, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे.

रंग आणि आडनाव एक नाही, हे मला कळतं. आडनाव टाकता येतं. वडिलांनी टाकलं, कचेरीत फी भरली, विषय संपला, निदान कागदावर. रंग टाकता येत नाही. पण तबकडीला कातडी नसते. काळी असते, पण सगळ्यांचीच असते. रेडिओवरून आलेल्या आवाजाला कुणी ‘गावात घर कुठे’ विचारू शकत नाही. अमेरिकेत काळ्या मुलाने गायलं की ते सोल, वाजवलं की जॅझ, कप्पे आधीच तयार. पाचशे नंबरच्या यंत्राला कोणत्या कप्प्यात टाकणार? मॉडेल ५०० म्हटलं की कारखान्यातून निघालेली वस्तू डोळ्यांपुढे येते आणि मोटारींच्या शहरातल्या मुलाला वस्तूचं नाव घेणं माणसाचं नाव घेण्यापेक्षा मोकळं वाटलं, यातलं दुःख मला त्याच्या सगळ्या मुलाखतींपेक्षा जास्त बोलकं वाटतं. १९८८ मध्ये एका ब्रिटिश मासिकाला त्याने सांगितलं होतं, की मोटाउनच्या बेरी गॉर्डीने फोर्डच्या असेंब्ली लाइनवरून आपलं संगीत बेतलं. आता फोर्डकडे रोबोट आणि कॉम्प्युटर गाड्या बनवतात आणि मला गॉर्डीच्या संगीतापेक्षा फोर्डच्या रोबोटमध्ये जास्त रस आहे. रोबोटना शिकवणारा म्हणून सांगतो, हे वाक्य ऐकून माझी कॉलर ताठ झाली होती. नंतर लक्षात आलं, की त्याच रोबोटमुळे त्याच्या शहरातल्या कित्येकांची लाइनवरची जागा गेली होती. आमच्या इलेक्ट्रिशियनचा मोठा भाऊ त्यांतलाच. ॲटकिन्सच्या संगीतात या दोन्ही गोष्टी एकदम ऐकू येतात: यंत्राचा सोस आणि यंत्राने रिकामी केलेली जागा.

‘टेक्नो’ हा शब्दही त्याचाच म्हणायला हवा. शाळेत भविष्यविचार शिकवणारा एक तास होता, तिथे भविष्याबद्दल लिहिणाऱ्या ॲल्विन टॉफलरच्या पुस्तकाशी गाठ पडली. ‘टेक्नो रेबेल्स’ हा शब्द टॉफलरचा. १९८८ मध्ये नील रश्टन नावाच्या इंग्लिश माणसाने डेट्रॉईटच्या पोरांच्या गाण्यांचं एक संकलन लंडनच्या कंपनीसाठी जुळवलं. शिकागोचं हाऊस हे नाचाचं संगीत तेव्हा जोरात होतं, म्हणून नाव ठरत होतं ‘डेट्रॉईटचं हाऊस’ अशा अर्थाचं. ॲटकिन्सने आपलं गाणं दिलं त्याचं नाव ‘टेक्नो म्युझिक’. मग संकलनाचंच नाव बदललं: ‘टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉईट’. शेजारच्या शहराचं आडनाव लागता लागता राहिलं.

त्यानंतरचं सगळं फार वेगाने झालं. इंग्लंडमध्ये रेव्हची, म्हणजे रात्रभर नाचायच्या पार्ट्यांची, लाट आली. बर्लिनची भिंत पडली आणि १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोल्यांत ‘ट्रेझर’ हा क्लब सुरू झाला. ॲटकिन्सने तिथल्या मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि थॉमस फेलमान या संगीतकारांबरोबर काम केलं. बेल्जियमच्या आर अँड एस कंपनीने १९९५ मध्ये त्याचा ‘डीप स्पेस’ हा अल्बम काढला. घरात पसाभर ओळख आणि परदेशात मानपान, हे तर आपल्याकडच्या कलावंतांनाही नवं नाही. पण इथे त्यापेक्षा विचित्र काहीतरी झालं. पाचशे नंबरने आपलं काम जरा जास्तच चोख केलं. वंश पुसायचा म्हणून नाव पुसलं, आणि नाव नाही म्हटल्यावर जगाने रिकाम्या जागेत आपल्याला सोयीचा चेहरा बसवला. आज रस्त्यातल्या कुणालाही विचारा, टेक्नो कुणाचं? जर्मनीचं, म्हणेल. २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. ट्रेझरच्या लोकांनी डेट्रॉईटचं ऋण कधी लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण यादी वाचणारे तळटीप वाचत नाहीत.

डेट्रॉईटमधल्या पुढच्या पोरांनी, अंडरग्राउंड रेझिस्टन्स या टेक्नो गटातल्यांनी, चेहऱ्यावर रुमाल बांधले. त्यांच्या इमारतीत, ३००० ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर, टेक्नोचं एक छोटं संग्रहालय आहे, ‘एक्झिबिट ३०००’. आधी कळवून जावं लागतं. मी गेलो तेव्हा आम्ही चौघंच होतो. काचेमागे तीच यंत्रं, खुंट्यांभोवती बोटांनी गुळगुळीत झालेला रंग. तिथून बाहेर पडून त्याच ग्रँड बुलेव्हार्डने पश्चिमेला जात राहिलं, की मोटाउनचं जुनं घर येतं, २६४८ वेस्ट. तिथे बसभरून माणसं, दारात फोटो. एकाच रस्त्याचं एक अंग पूर्व, एक पश्चिम.

मध्येच मुंबई आठवते, कारण ती खरोखरच या गोष्टीत आहे. १९८२ मध्ये, ‘क्लिअर’च्याही आधी, हिंदी सिनेमांच्या ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर, एवढ्यावर दहा राग. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, ती त्यांनी मींडेसारखी वापरली. तबकडी पडली. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि ऐकणारे चक्रावले, की शिकागोच्या ॲसिड हाऊसच्या, म्हणजे ३०३ वरच उभ्या राहिलेल्या हाऊसच्या, पाच वर्षं आधी हे मुंबईत? २०१५ मध्ये चरणजित सिंग गेले. त्यांनी कव्हरवर आपलं पूर्ण नाव घातलं होतं. तरी अठ्ठावीस वर्षं कुणी विचारलं नाही. म्हणजे नाव घालण्या-न घालण्यावरचं माझं सगळं गणित इथे कोलमडतं, आणि ते मी तसंच ठेवलंय.

शेवटच्या वर्षी वडील आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच एवढा प्रवास. विमानतळावरून घरी येताना रात्रीचे अकरा वाजले होते, रस्ता मोकळा, गाडीत मॉडेल ५०० चं ‘नाइट ड्राइव्ह’ चालू होतं. पाचेक मिनिटं ते गप्प होते. मग म्हणाले, “गाणं सुरू कधी होणार?”

म्हटलं, सुरूच आहे.

“कुणाचं?”

“मॉडेल पाचशे.”

“हे काय नाव झालं?”

मग मी सगळं सांगितलं. आजी, दुकान, कॅसेटी, ३०७०. नंबर का लावला तेही सांगितलं. १९० ची पाटी आली तेव्हा बोट दाखवून म्हटलं, इथला. त्यांनी मान वळवून बघितलं. अंधारात पेट्रोल पंपाशिवाय काही दिसत नव्हतं.

“मग नंबर लावल्यावर लोकांनी विचारायचं थांबवलं?”

“थांबवलं. विचारलंच नाही कुणी. गोराच असणार म्हणून धरून चालले.”

ते हसले. त्यांचं हसणं हल्ली खोकल्यावर जातं, तसं गेलं. मी गाणं बारीक केलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “आपल्याला निदान विचारतात तरी.”

इप्सिलँटीचा एक्झिट येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. उतारावर गाडी वळवताना त्यांनी विचारलं, “घरी दूध आहे का रे, चहापुरतं?”